मान वळवून

कोरियातल्या मासान बंदराच्या मासळीबाजारात बेक दोगिलला ओळखत नाही असं कुणी नव्हतं, आणि तरुणपणी त्याचा मार खाल्लेला नाही असेही थोडेच होते. बंदरावर बर्फाच्या लाद्या वाहायचा तेव्हापासून त्याचे हात शिवशिवायचे. एकदा रांगेवरून भांडण झालं आणि त्याने तिघा हमालांना एकामागून एक बर्फाच्या हौदात उताणं पाडलं. चौथा पळाला. त्याला पळताना पाहून दोगिल हिरमुसला, असं सांगणारे लोक बाजारात अजून आहेत.

त्या हौदाशेजारी योम वस्ताद उभे होते. बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर त्यांची बॉक्सिंगची तालीम होती. खालून थंडी यायची, वरून पत्रा तापायचा, आणि मधे योम वस्ताद बांबूची छडी घेऊन फिरायचे. तोंडापुढचा हातांचा गार्ड खाली आला की छडी कोपरावर, पाय जड पडला की पोटरीवर, आणि काहीच चुकलं नाही तर पाठीवर, सवय राहावी म्हणून. दोगिलने पहिल्याच आठवड्यात ती छडी हिसकावून मोडली. वस्तादांनी शांतपणे कोपऱ्यातून दुसरी आणली आणि त्याला तिने असा झोडपला की गडी पालथा झोपूनच जेवला. त्यानंतर दोघांचं जमलं.

पुसानच्या एका घोटीव गड्याने पहिल्या लढतीत दोगिलचे पुढचे दोन दात पाडले. दोगिल हरला, पण ते दात त्याने खिशात घालून घरी नेले आणि पुढच्या वर्षी त्याच गड्याचा जबडा मोडल्यावरच ते समुद्रात फेकले. मग ओसाकात एकाच्या बरगड्या गेल्या. मनिलात पूर्व आशियाच्या विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी लढताना तिथल्या चॅम्पियनने त्याला नऊ फेऱ्या नुसता कुटला. नाक डाव्या गालावर गेलं, एक भुवई उघडून लोंबायला लागली. दहाव्या फेरीत तो चॅम्पियन मारून मारून दमला आणि दोगिल तेव्हा कुठे रंगात आला. त्याने त्या माणसाला दोरांवर दाबून पोटात, पोटात, पुन्हा पोटात मारलं. शेवटी तो गुडघ्यावर बसून ओकला आणि उठला नाही.

पट्टा घेऊन दोगिल परतला तेव्हा मासानने त्याला उघड्या जीपमधून फिरवलं. गळ्यात शेवंतीचे हार, नाकावर प्लास्टर. आई मात्र बाजारातल्या आपल्या मासळीच्या गाळ्यावरून उठली नाही. तोंड वासलेला मोठा मासा कापता कापता तिने एकदा वर पाहिलं.

"नाक कुणी मोडलं?"

"जो हरला त्याने."

"त्याचं काय मोडलं?"

"पोट, आई."

"मग ठीक. जेवलास का?"

चार वर्षं पट्टा त्याच्याकडे राहिला. समोर आलेले कुणी स्ट्रेचरवर गेले, कुणी स्वतःच्या पायांनी गेले आणि पुन्हा रिंगमध्ये आले नाहीत.

प्यो बोमसू तालमीत आला तो दोगिलच्या उमेदीच्या काळात. बेटावरचं पोर, बाप बोटीसकट बुडालेला, अंगावर हाडं आणि डोळ्यांत भूक. तालमीतच झोपायचा, पहाटे फरशी पुसायचा. दोगिलने त्याला आपल्या पंखाखाली घेतलं. म्हणजे काय केलं, तर रोज त्याला रिंगमध्ये घेऊन मारलं आणि नंतर आईच्या गाळ्यावर नेऊन मासळीचं तिखटजाळ कालवण पोटभर खाऊ घातलं. एकाच हाताने दोन्ही. पोरगं मार खाऊन हसायचं, भात खाऊन रडायचं. दोगिलला सख्खा भाऊ नव्हता. त्याचा या पोरावर जीव जडला, आणि जीव जडला म्हणून तो त्याला जास्तच मारायचा.

बोमसूने पहिली लढत जिंकली त्या दुपारी दोगिल त्याला बाजारातल्या टपरीवर घेऊन गेला. तांदळाच्या दारूचा वाडगा भरून त्याच्यापुढे सरकवला. पोराने आनंदाने वाडगा उचलला आणि दोगिलच्या तोंडाकडे बघत बघत तोंडाला लावला.

दोगिलने त्याच्या कानाखाली असा जाळ काढला की वाडगा शेजारच्या टेबलावर जाऊन फुटला.

"मोठ्यांसमोर पितोयस! मान वळव. एका बाजूला तोंड करून प्यायचं. आणि वाडगा दोन्ही हातांनी धरायचा. बापाने शिकवलं नाही?"

"बाप लवकर गेला, दादा."

दोगिलने हात खाली घेतला. मग त्याने दुसरा वाडगा मागवला. "मग मी शिकवतो. पी."

बोमसूने दोन्ही हातांनी वाडगा उचलला, मान डावीकडे पार खांद्यापर्यंत वळवली आणि प्यायला. कान लालबुंद झाला होता. त्यानंतर दारू असो, चहा असो, साधं पाणी असो, दोगिल समोर असला की बोमसूची मान डावीकडे वळायची. तालमीतली बाकीची पोरं त्याची टर उडवायची. "अरे, पाणी पितानाही? तुझी मान एक दिवस तशीच अडकेल बघ!" बोमसू हसायचा. त्याला कळतसुद्धा नसे की मान वळलीय.

पुढे सोलच्या एका मोठ्या तालमीने बोमसूला नेलं. तिथे तो तयार झाला. एकामागून एक लढती मारत वर चढत गेला, आणि एक दिवस अशी वेळ आली की दोगिलच्या पट्ट्यावर हक्क सांगणारा पुढचा माणूस तोच होता.

एका तालमीतल्या धाकट्याने थोरल्याला आव्हान द्यायचं ही आपल्याकडे सोपी गोष्ट नाही. बोमसू सोलहून गाडीने आला. हातात बाटली, बगलेत मांसाचं गुंडाळलेलं खोकं. दोगिलच्या घरी जमिनीला कपाळ टेकवून वाकला तो वर येईचना.

"ऊठ, लेका. मेलो नाही अजून मी."

"दादा, तुम्ही नको म्हणालात तर मी लढणार नाही. दुखापत झाली म्हणून सांगेन."

दोगिलला राग आला. दया कुणी करावी, तर ज्याला आपण भात घातला त्याने? आणि रागाखाली भीतीही होती. त्याचे खांदे सकाळी उठताना कुरकुरायचे. सरावात कालची पोरं त्याला गाठायला लागली होती. पट्टा गेला तर त्याच्याजवळ काय उरणार होतं? बर्फ वाहायलाही आता कंबर साथ देत नव्हती. हा पट्टा आपल्याजवळ असतानाच आपण थांबायचं, एवढी एकच इच्छा त्याच्या मनात होती. शेवटची लढत, आपल्या गावात, आणि पट्टा कमरेला.

"नीट ऐक," तो म्हणाला. "रिंगमध्ये कुणी दादा नाही, कुणी धाकटा नाही. हात आखडता घेतलास तर लढत संपल्यावर तुझे पाय मोडीन. कळलं?"

"कळलं, दादा."

दोगिलने त्याचा पेला भरला. बोमसूने तो दोन्ही हातांनी घेतला, मान डावीकडे वळवली आणि रिकामा केला.

रविवारी दुपारी मासानचं सभागृह माणसांनी फुटायला आलं होतं. टोलाच्या आधी बोमसूने कमरेत वाकून नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोगिलने मान हलवली, टोल पडला, आणि बोमसूचा डावा हात त्याच्या तोंडावर आदळला.

पोराने शब्द पाळला. हात आखडता घेतला नाही. पहिल्या फेरीतच दोगिलच्या नाकातून रक्ताची धार लागली. तिसऱ्या फेरीत बोमसूने त्याला बरगडीखाली, बरोबर यकृतावर असा ठोसा लगावला की दोगिलला आपले पाय कुठे आहेत तेच कळेना. तो पडला. उठला. पुन्हा तिथेच ठोसा बसला. पाचव्या फेरीत उजवी बरगडी गेली. तिचा आवाज त्याला आतून ऐकू आला. श्वास घेतला की आत सुरी फिरायची. सहाव्यात डावा डोळा सुजून बंद झाला आणि योम वस्तादांनी फेऱ्यांच्या मधे ब्लेडने पापणी चिरून रक्त काढलं, तेव्हा त्याला समोरचं थोडंफार दिसायला लागलं.

दोगिलनेही दिलं. सातव्या फेरीत त्याने बोमसूची भुवई फोडली, आठव्यात त्याला दोरांपर्यंत रेटत नेऊन कानाच्या मागे दोन ठोसे ठेवून दिले, जे रेफरीने पाहिले नाहीत किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. पण पोरगं तरुण होतं. झटका देऊन उभं राहायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. लोक सुरुवातीला दोगिलचं नाव घेत ओरडत होते. नवव्या फेरीपर्यंत सभागृह शांत झालं. आपल्या माणसाला चिंध्या होईपर्यंत मारलं जाताना कुणाला ओरडवत नाही.

"टॉवेल टाकून लढत थांबवू?" वस्तादांनी विचारलं.

"टाकाल तर त्यातच गुंडाळून तुम्हाला खाडीत फेकीन."

"बघ बाबा. पोरगा तुला मारून टाकेल."

"मारू दे."

आणि तेव्हा, स्टुलावर बसल्या बसल्या, एका उघड्या डोळ्याने दोगिलने समोरच्या कोपऱ्यात पाहिलं. सोलचा प्रशिक्षक बोमसूच्या तोंडाला पाण्याची बाटली लावत होता. बोमसूने दोगिलकडे पाहिलं, नजरानजर झाली, आणि पाणी पिण्याआधी त्याने मान डावीकडे, पार खांद्यापर्यंत वळवली.

"अरे सरळ बस ना, पाणी सांडतंय!" प्रशिक्षक खेकसला.

दोगिलला आधी हसू आलं. फुटलेले ओठ ताणले गेले आणि दुखले. येड्या, इथेसुद्धा? ते पोर, तो वाडगा, लाल झालेला कान, सगळं त्याला त्या एका क्षणात आठवलं.

दुसऱ्या क्षणी त्याच्या मनात जे आलं त्याची त्याला आयुष्यभर लाज वाटणार होती. पण त्या वेळी वाटली नाही. त्या वेळी त्याला फक्त पट्टा दिसत होता.

दहाव्या फेरीपासून त्याने पोट, बरगड्या, कान सगळं सोडून दिलं आणि बोमसूच्या तोंडावरच मारायला लागला. फक्त ओठांवर. स्वतः एका ठोशाच्या बदल्यात चार खाल्ले, पण तो एक ठोसा ओठांवरच ठेवला. बोमसूचा वरचा ओठ दातावर चिरला. मग खालचा. मग आतून गाल फाटला. तोंडात दातांचं रबर बसवलेलं, त्यामागे रक्त साठत होतं, गाल फुगत होते. दादाच्या समोर थुंकणार कसं? बोमसूने मान हलकीच डावीकडे केली, रक्त गिळलं, आणि पुन्हा समोर आला. दोगिलने पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. तेही त्याने पाहिलं. मधे किती वेळ जातो, मान वळायच्या आधी गाल कसे दिसतात, हनुवटी कुठपर्यंत जाते, हे तो मार खात खात शिकत होता.

अकराव्या फेरीत दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. रेफरीने त्यांना सोडवलं. दोगिलने पुन्हा एकदा ओठांवर ठोसा मारला आणि एक पाऊल मागे सरकला. बोमसूचे गाल भरले होते.

मग दोगिल सरळ उभा राहिला. हात थोडे खाली सोडले, पाठ ताठ केली, आणि बोमसूच्या डोळ्यांत पाहिलं. टपरीवर बसून पाहायचा तसंच.

बोमसूची मान वळली.

दोगिलचा उजवा हात जमिनीपासून निघाला तो त्या वळलेल्या जबड्याच्या कोपऱ्यावर येऊन थांबला. ओली फळी मोडावी तसा आवाज झाला. रबर उडून पहिल्या रांगेत पडलं आणि त्यामागोमाग रक्ताची गुळणी. बोमसू हात न टेकता सरळ मागे गेला. डोकं फळ्यांवर आपटलं, थोडं उडालं, पुन्हा आपटलं. पाय थडथडत राहिले. रेफरीने मोजायला घेतलं आणि मोजणं सोडून डॉक्टरांना हाका मारायला लागला.

सभागृह पेटलं. लोक रिंगमध्ये चढले, कुणीतरी दोगिलला खांद्यावर घेतलं, कुणीतरी त्याच्या मोडलेल्या बरगडीलाच मिठी मारली. कमरेला पट्टा बांधला. वरून त्याला दिसलं, दोराखालून स्ट्रेचर नेत होते आणि बोमसूचा एक हात बाहेर लोंबत होता.

"बरोबर सापडला तुला," वस्ताद डोळे पुसत म्हणाले.

"सापडला," दोगिल म्हणाला.

बाजारातल्या चहाच्या दुकानात टीव्हीवर ती लढत पुढे कितीदा तरी दाखवली.

"तो पोरगा ऐनवेळी तिकडे कशाला बघत होता रे?"

"गर्दीत बायको बसली असेल!"

"लग्न कुठे झालंय त्याचं? दुसऱ्याची असेल!"

लोक खो खो हसायचे. दोगिल चहा अर्धा टाकून उठायचा.

बोमसूच्या कवटीला भोक पाडून डॉक्टरांनी आत साठलेलं रक्त काढलं. बरेच दिवस तो शुद्धीवर आला नाही. दोगिल एकदा इस्पितळात गेला. बेटावरून आलेली बोमसूची आई खाटेशी बसली होती. दोगिलला पाहताच ती उठली आणि वाकली. चॅम्पियनपुढे नव्हे, मुलाच्या वडीलधाऱ्यापुढे वाकावं तशी.

"तुम्ही त्याला माणसात आणलंत," ती म्हणाली. "घरी आला की बोलायचा, आई, दादाने मला जेवताना कसं बसायचं, पिताना कसं बसायचं सगळं शिकवलं. खेळ आहे, लागतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." तिने त्याच्या हातात सुकवलेल्या समुद्री शेवाळाची जुडी दिली. आणायला तेवढंच होतं तिच्याकडे.

दोगिलने ती जुडी घेतली आणि जिना उतरला. बाहेर आल्यावर भिंतीला टेकून उभा राहिला आणि आपला उजवा हात भिंतीवर आपटत राहिला, बोटांची हाडं मोडेपर्यंत. पुन्हा तो इस्पितळात गेला नाही. हात गेला म्हणून त्याने निवृत्ती जाहीर केली. पट्टा कमरेला ठेवून थांबला. हवं होतं तसंच झालं. आईने पट्टा गाळ्यात टांगला तेव्हा त्याने तो काढायला लावला.

"मासळीचा वास लागेल त्याला," तो म्हणाला.

"तुझ्या बापाने हा वास आयुष्यभर घेतला, पट्ट्याला काय धाड भरलीय?" आई म्हणाली, पण त्याच्या तोंडाकडे पाहून तिने पट्टा खाली उतरवला.

पुढे योम वस्तादांना साठ वर्षं पूर्ण झाली तेव्हा तालमीतल्या सगळ्या पिढ्या जेवायला जमल्या. भर दुपार, लांबच लांब बुटकी टेबलं, मधे फळांचे आणि मिठायांचे मनोरे, आणि त्यामागे नव्या रेशमी कपड्यांत अवघडून बसलेले वस्ताद. एकेक जण येऊन जमिनीवर डोकं टेकवत होता. दोगिल वस्तादांच्या उजवीकडे, मानाच्या जागी होता.

मग दारात बोमसू उभा राहिला. तो एक पाय ओढत चालत होता, जबडा एका बाजूला बसला होता, उजव्या कानाने ऐकू येत नसल्याने बोलणाऱ्याकडे डावी बाजू करत होता. त्याने वस्तादांना वाकून नमस्कार केला. वस्तादांनी त्याला उठवलं, जवळ घेतलं आणि दोगिलसमोरची जागा दाखवली.

"जेवलास का?" दोगिलने विचारलं.

"अजून नाही."

दोगिलने सोजू दारूची बाटली उचलली. हाताची बोटं वाकडी जुळली होती, बाटलीचं तोंड पेल्यावर वाजत राहिलं. पेला भरला. बोमसूने तो उचलला. एका हाताने. आणि दोगिलच्या डोळ्यांत डोळे घालून, मान केसभरही न हलवता, हळूहळू संपवला. फाटून शिवलेल्या ओठाच्या कोपऱ्यातून थेंब ओघळला. तो त्याने पुसला नाही.

तालमीतला एक तरणा गडी ताडकन उठला. "ए! कुणासमोर पितोयस, शुद्ध आहे का? थोबाड फोडीन!"

"फोडून झालंय," बोमसू म्हणाला. बोलताना त्याला शब्द शोधावे लागत होते. "मागच्या वेळी... मान वळवली होती मी. म्हणून आता सरळ बघतोय."

काय बोलतोय ते कुणाला कळलं नाही. डोक्याला मार लागलेला माणूस, असं म्हणून एक-दोघांनी नजरा खाली केल्या. वस्तादांच्या हातातल्या जेवणाच्या काड्या मात्र ताटलीवर थांबल्या. त्यांनी बोमसूकडे पाहिलं, मग दोगिलकडे, आणि काड्या खाली ठेवल्या.

"बस खाली," दोगिल त्या तरण्या गड्याला म्हणाला. "त्याला पिऊ दे."

बोमसूने बाटली घेतली आणि दोगिलचा पेला काठोकाठ भरला.

"घ्या, दादा."

दोगिलने पेला दोन्ही हातांनी उचलला. मानाच्या जागेवर बसलेला, गावाचा चॅम्पियन, वयाने मोठा. त्याने मान डावीकडे वळवली, पार खांद्यापर्यंत, आणि प्यायला. जबड्याचा कोपरा बोमसूच्या समोर उघडा होता. पेला रिकामा झाला तरी त्याने मान सरळ केली नाही. डोळे मिटून, तसाच, तो वाट बघत बसला. मार, तो मनात म्हणत होता. मार ना, लेका.

ठोसा आला नाही. बाटली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग एक पाय ओढत जाण्याचा.

त्याने मान वळवून पाहिलं तेव्हा बोमसू दाराच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. बोटं नीट वळत नव्हती, त्यामुळे त्याला बराच वेळ लागला.